कठीण दार

१

सोमवारी सकाळी बुरुलनं खेळाच्या भाषांतराची फाईल उघडली तेव्हा चारशे अकराव्या ओळीत पुन्हा ‘कठीण’ आलं होतं.

गेल्याच आठवड्यात तिनं तो शब्द सगळ्या फाईलमधून हाकलला होता, कारण मूळ खेळात दार लोखंडीच होतं. ‘कठीण’ शोधा, ‘लोखंडी’ घाला, एका दमात सगळीकडे. त्यातून जो गोंधळ उडाला त्यावर ग्रुप तीन दिवस हसत होता. ‘हा रस्ता कठीण आहे, पोरी’ म्हणणारा म्हातारा मेंढपाळ आता ‘हा रस्ता लोखंडी आहे, पोरी’ म्हणू लागला होता, आणि मिठाच्या गावातली विधवा ‘दिवस लोखंडी आलेत’ म्हणून उसासे टाकत होती. बुरुलनं एकेक ओळ बसून निस्तरली. चारशे अकरावी तर दोनदा वाचली होती: ‘त्या लोखंडी दारामागे कोणी नाही.’

आता तिथं होतं: ‘त्या कठीण दारामागे कोणी नाही.’

तिनं चहाचा प्याला खाली ठेवला. कोणीतरी मस्करी करतंय, दुसरं काय. मस्करी करणारे काही कमी नव्हते. ‘सात खोरी’ हा टीव्हीला जोडून खेळायचा व्हिडिओ खेळ तिच्याहून वयानं मोठा. अकरा भाग झाले होते त्याचे. पहिले तीन पिवळ्या कॅसेटींत बाजारातून घराघरांत पोचले, रशियन भाषांतरात, आणि भाषांतर असं की अर्धी माणसं भिंतीशी बोलताहेत असं वाटावं. एक मुलगी पत्र्याच्या डबीत निखारा घेऊन सात खोऱ्यांतून चालत जाते आणि विझलेल्या चुली पेटवते. गोष्ट एवढीच. पण एवढ्यावर चारशे माणसं फोनवरच्या एका ग्रुपमध्ये रोज हमरीतुमरीवर येत. ग्रुपचं नाव ‘खोरेकर’. त्यातलेच चार-पाच जण मिळून तिसरा भाग किर्गिझ भाषेत आणत होते, आणि बुरुल त्यांतली एक.

तिनं ग्रुपवर लिहिलं, ‘४११ कोणी बदलली? हात वर करा.’

‘मी नाही,’ कुबातचं उत्तर आलं. तो बिश्केकला राहायचा आणि तयार झालेले संवाद खेळात बसवायचा. ‘मी कठीण कामं करत नाही.’

‘मी पहिल्यापासून विचारतोय,’ ओशचा मिर्लान म्हणाला. त्याच्या नजरेतून स्वल्पविरामही सुटत नसे, आणि बुरुलला तो एजे, म्हणजे ताई म्हणायचा. ‘बुरुल एजे, हे भाषांतर आहे की सासुरवास?’

खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली.

बुरुल हसली नाही. कारण तो खरोखरच सासुरवास होता.

२

तेमिर म्हणजे लोखंड. आणि तेमिर हे बुरुलच्या वडलांचं नाव.

सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही. नाव घ्यायचं नाही म्हणजे नुसती हाक मारायची नाही असं नव्हे, तो शब्दच जिभेवर आणायचा नाही. बुरुलची जेंगे, म्हणजे थोरल्या भावाची बायको, सहा वर्षं या घरात नांदली आणि सहा वर्षांत लोखंडाला कधी लोखंड म्हणाली नाही. कढईला ती ‘काळी’ म्हणायची, खिळ्याला ‘टोकदार’, आणि बाकी सगळ्या लोखंडाला ‘कठीण’. नवऱ्याचं नाव उलान. बालिकची या त्यांच्या गावावर पश्चिमेच्या खिंडीतून जो वारा सुटतो, त्यालाही उलानच म्हणतात. म्हणून तिच्या तोंडी वाऱ्यालाही नाव नव्हतं. ‘खिंडीतला सुटला गं, दोरीवरचं आत घे!’ असं ती अंगणातून ओरडायची.

धाकट्या नणंदेलाही नावानं हाक मारत नाहीत. लाडाचं काहीतरी ठेवतात. बुरुल झाकण पडलं तरी दचकायची, म्हणून जेंगेनं तिचं ‘पाखरू’ केलं.

तिसऱ्या भागाची कॅसेट जेंगेनंच माहेराहून आणलेली, लग्नाच्या पेटीत, चादरीच्या घडीत लपवून. दुपारी काम आवरलं की दोघी खेळायच्या. भाषांतराची फाईलही तिनंच सुरू केली, आणि फाईलचा नियमही तिचाच होता. संवादाच्या चौकटीत अठ्ठावीस अक्षरं मावतात, मधल्या मोकळ्या जागा धरून; तेव्हा एकही ओळ अठ्ठावीसच्या पुढं जाता कामा नये. ती बोटांच्या पेरांवर मोजायची आणि ओळ शक्यतो अठ्ठावीसपर्यंत भरायची. बाकीच्यांनी तो नियम कधी मनावर घेतला नाही.

लोखंडी दारापाशी मात्र ती अडून बसली.

‘पापांचं नाव मी नाही लिहिणार.’

‘अगं जेंगे, खेळातल्या दाराला काय कळतंय?’

‘दाराला नाही कळत. मला कळतं ना.’

म्हणून त्याचं कठीण दार झालं. खोरेकरांना ते इतकं आवडलं की दाराची चित्रं निघाली. कोणाचं लग्न मोडलं, कोणाची नोकरी गेली की खाली पाच-सहा जण येऊन फक्त ‘कठीण दार’ एवढंच लिहून जायचे.

मार्चमध्ये जेंगे मॉस्कोला कामाला गेली. बुरुल तेव्हा बिश्केकला वसतिगृहात होती, शेवटच्या वर्षाचा प्रबंध लिहीत. भांडण झालं, रुसून गेली, असं घरच्यांनी फोनवर सांगितलं. एकदाच सांगितलं. जूनमध्ये पदवी घेऊन बुरुल घरी परतली तेव्हा पलंगावरची तिची उशी नव्हती, आणि तिचं नाव कोणी काढत नव्हतं. काढलंच तर ‘ती’.

आता नोव्हेंबर लागला होता. रोज सकाळी बुरुल एक नंबर लावायची. रोज एक बाई रशियनमध्ये सांगायची की ग्राहक संपर्काबाहेर आहे. आताशा बुरुल तिचं पुरतं ऐकूनही घेत नसे. दात घासावेत तसं ते झालं होतं.

३

बुधवारी चारशे बारावी ओळ भरलेली होती.

हे होण्यासारखं नव्हतं. चारशे बारा ते चारशे अठरा या सात ओळी जगात कुठंच नाहीत. जपानीत नाहीत, इंग्रजीत नाहीत, रशियनमध्ये नाहीत. खेळ बनवणाऱ्यांनी लोखंडी दारामागच्या कोणासाठी तरी सात संवादांची जागा राखली आणि ती रिकामीच सोडली. तीस वर्षं खोरेकर याच सात रिकाम्या ओळींवर भांडत आले होते. एक म्हणायचा, कॅसेटीत जागा संपली. दुसरा म्हणायचा, दारामागे निखारेवालीची आई आहे. मिर्लान चिडून लिहायचा, ‘अरे दार रंगवलेलं आहे! मागं भिंत आहे! नवव्या भागातही तेच दार तसंच चिकटवलंय!’ त्यावर कुबात म्हणायचा, ‘मिर्लानला दार उघडत नाही म्हणून द्राक्षं आंबट.’

आता चारशे बाराव्या ओळीत लिहिलेलं होतं: ‘वर कोण चालतंय? पाखरू का?’

बुरुलनं ती पाच-सहा वेळा वाचली. मग उगाचच किर्गिझ अक्षरं मोजली, पेरांवर. अठ्ठावीस.

स्वयंपाकघर ऊबदार होतं. घरात तेवढी एकच खोली गरम असायची, म्हणून तिचं टेबल तिथंच मांडलेलं, मधोमध, नमद्याच्या जाड गालिच्यावर. बाहेर वारा सुटला होता आणि छपराचा सुटा पत्रा वाजत होता. एकदा जोरात, मग दोनदा हळू. लहानपणापासून तो तसाच वाजे. पापा दरवर्षी म्हणायचे, यंदा ठोकून टाकतो.

तिला पहिल्यांदा आनंद झाला. खरं सांगायचं तर आनंदच झाला. पाखरू हा शब्द या जगात एकाच माणसाला माहीत होता.

‘जेंगे परत आली,’ तिनं ग्रुपवर लिहिलं.

‘अरे व्वा!’ कुबात. ‘विचार तिला, इतके दिवस कुठं तोंड लपवून बसली होती? चारशे ओळी आमच्या गळ्यात मारून गेली.’

‘नाव काय गं तिचं?’ कोणी नव्यानं विचारलं. ‘श्रेयनामावलीत घालायचं असेल ना?’

बुरुलनं उत्तर टाइप करायला घेतलं आणि बोटं थांबली. नाव तिला आठवत होतं. पण ते तिनं कधी लिहिलं नव्हतं. मोठ्या भावाच्या बायकोला कोण नावानं हाक मारतं? ती फक्त जेंगे होती.

‘सांगते नंतर,’ तिनं लिहिलं.

आनंद ओसरला तेव्हा तिचं लक्ष त्या ओळीतल्या पहिल्या शब्दाकडे गेलं. ‘वर.’

४

गुरुवारी तिनं टेबल खिडकीशी ओढलं, उजेडासाठी. शुक्रवारी सकाळी ते परत मधोमध होतं, चारही पाय गालिच्यावर, जुन्याच खळग्यांत.

‘पापा, टेबल तुम्ही सरकवलंत?’

तेमिर उंबऱ्याशी बसून बुटाला वंगण लावत होते. मोठा, सावकाश माणूस. सरोवरावरचं बंदर बंद होईपर्यंत तिथं वेल्डिंग करायचे. आवाज चढलेला बुरुलनं कधी ऐकला नव्हता.

‘गालिचा उचलला जातो गं त्या टेबलानं. कडा दुमडते.’

‘मला अंधार पडतो.’

‘दिवा लाव.’

गालिच्याखाली तळघराचं झाकण होतं. पूर्वी लाकडी होतं, आता लोखंडी. एप्रिलमध्ये पापांनी ते बसवलं आणि चारही बाजूंनी वेल्डिंग मारून टाकलं. सरोवराचं पाणी चढतं, बटाटे कुजतात, म्हणाले. तेव्हापासून बटाट्यांची पोती व्हरांड्यात असत आणि बटाटे थंडीनं गोड लागत. बुरुलनं याचा कधी विचार केला नव्हता. घरात अशा कितीतरी गोष्टी असतात.

‘पापा, जेंगेला तेव्हा बसस्टँडवर कोणी सोडलं?’

ब्रश थांबला नाही. ‘उलाननं. त्याच्याच गाडीतून गेली बिश्केकपर्यंत.’

‘सामान होतं?’

‘असेल की. चहा टाक, मुली.’

तिनं चहा टाकला. फाईल उघडून पाहिली. चारशे तेरा: ‘खिंडीतला सुटला. पत्रा वाजतो.’

५

शुक्रवारी आई तेल कढवते. गेलेल्यांना जेवण लागत नाही, वास लागतो. कणकेची सात चाकं गरम तेलात सोडायची, वास घरभर काढायचा, आणि मग हात पसरून एकेकाचं नाव घ्यायचं. पूर्वी हे सणासुदीला व्हायचं. या वसंतापासून दर शुक्रवारी व्हायला लागलं होतं.

‘एवढं का गं, आपा?’ बुरुलनं मागं एकदा विचारलं होतं.

‘स्वप्नं पडतात,’ आई म्हणाली होती.

आज बुरुल टेबलाशी बसून ऐकत होती. चुलीवर चर्र झालं. मग आईनं हात पसरले. ‘सुलायमानला पोचो. बुबुशला पोचो. लहानग्या तुरसुनला पोचो.’ ती तिन्ही नावं बुरुलला पाठ होती. आजोबा, आजी, आणि आईचं एक मूल जे चाळीस दिवसही जगलं नाही. नंतर आईनं ओंजळ चेहऱ्यावरून फिरवायची, की संपलं.

ओंजळ फिरली नाही. आई तशीच उभी राहिली, हात पसरून, ओठ हलवत. आवाज नव्हता. पत्रा एकदा जोरात वाजला, मग दोनदा हळू. मग तिनं ओंजळ फिरवली आणि झाऱ्यानं चाकं उलटली.

‘चौथं कोणाचं, आपा?’

‘तीनच घेतली.’

‘ओठ हललेले मी पाहिले.’

‘दात दुखतोय माझा,’ आई म्हणाली. ‘गरम आहे तोवर खा.’

बुरुलनं एक चाक तोडून तोंडात टाकलं. चव लागली नाही. भीती वाटायला हवी होती, तीही वाटत नव्हती. बोट दारात सापडल्यावर पहिला क्षणभर काहीच कळत नाही, तसं झालं होतं. फक्त तो क्षण संपत नव्हता.

चारशे चौदावी ओळ तिच्या डोळ्यांदेखत भरली. अक्षरामागून अक्षर, सावकाश, मध्ये थांबत. पेरांवर मोजणारं माणूस थांबतं तसं.

‘वास आला. माझं नाव नाही आलं.’

६

‘हे बघ, घाबरू नकोस,’ कुबात फोनवर म्हणाला. त्यानं पहिल्यांदाच फोन केला होता. ‘मी फाईलचा इतिहास काढला. कोणी कधी काय बदललं ते सगळं दिसतं. तुझं दिसतं, माझं दिसतं, मिर्लानचे स्वल्पविराम दिसतात. या चार ओळींपुढं नावाची जागा रिकामी आहे.’

‘म्हणजे कोणी लिहिल्याच नाहीत?’

‘म्हणजे खातं बंद झालंय किंवा तसलं काहीतरी. होतं असं. बुरुल, अगं, ती तिकडे एकटी असेल. खोलीत आठ-दहा बायका, भाषा परकी. घरची आठवण आली की माणूस असंच लिहितं. वारा, पत्रा, शुक्रवारचं तेल. हे तिला ठाऊकच आहे की सगळं. त्यासाठी मॉस्कोहून येऊन पाहावं थोडंच लागतं?’

बुरुलला हे पटलं. इतकं पटलं की डोळ्यांत पाणी आलं. नोव्हेंबरात वारा असतोच. शुक्रवारी तेल असतंच. ‘वर’ म्हणजे नकाशावर वर, गावाकडे. असंही म्हणतात की.

‘आणि मिर्लान काय म्हणतोय माहितीय?’ कुबात हसवायला बघत होता. ‘म्हणतो, व्याकरण निर्दोष आहे, तेव्हा बुरुल एजेनं लिहिलेलं नक्कीच नाही.’

ती हसली.

रविवारी उलान घरी होता. आठवडाभर तो बिश्केक आणि बालिकचीमध्ये प्रवासी गाडी चालवायचा. आता व्हरांड्यात पोत्यावर बसून सूर्यफुलाच्या बिया फोडत होता. दाढी वाढलेली. बुरुल शेजारी बसली.

‘आके,’ ती थोरल्या भावाला म्हणाली, ‘जेंगे लिहितेय.’

टरफल त्याच्या ओठावर चिकटून राहिलं. ‘काय लिहितेय?’

‘खेळातलंच. असंच.’

‘मग बरं चाललंय तिचं.’ त्यानं टरफल थुंकलं.

‘तिला विमानतळापर्यंत तू सोडलंस ना? तुझ्या गाडीनं?’

‘मी कशाला? मी तेव्हा बिश्केकला होतो, गाडी दुरुस्तीला लावलेली. दोन दिवसांनी आलो तर गेलेली. पापांनी सोडलं तिला. बसस्टँडवर.’ मग तिच्याकडे न बघताच म्हणाला, ‘किती वेळा तेच? गेली ती. सगळ्यांच्या बायका जातात.’

बुरुल त्याच्या हाताकडे बघत राहिली. तो बिया फोडायचा थांबला होता, पण बोटं तशीच हलत होती.

आत येऊन तिनं पाहिलं. चारशे पंधरा: ‘कठीण उघडा. कोणाला सांगू?’

या ओळीत अक्षरं कमी होती. बरीच मोकळी जागा सुटली होती. ओळ अपुरी सोडणारी जेंगे तिला माहीत नव्हती.

७

पुढच्या शुक्रवारी दिवस स्वच्छ होता. सरोवर खिडकीतून निळं दिसत होतं, कणीक भिजत होती, आणि बुरुलनं मनाशी ठरवून टाकलं होतं की जेंगे मॉस्कोत आहे. पापांना आठवत नसेल. उलानला आठवत नसेल. लोक विसरतात. घरची आठवण येणारं माणूस जिवंतच असतं. सगळ्याच्या तळाशी एवढंच होतं तिला हवं ते: ती कुठंतरी असावी. रागावलेली असली तरी चालेल. परत नाही आली तरी चालेल.

आईनं तेलात पहिलं चाक सोडलं, चर्र झालं, आणि बुरुल दचकली. कोपर लागून प्याला खाली पडला, गालिच्याच्या कडेला, उघड्या फरशीवर. फुटला.

‘बाई गं!’ आई म्हणाली. ‘लग्न झालं की तिथंही अशीच भांडी फोडणार ही.’

बुरुल वाकून तुकडे गोळा करू लागली. गालिच्याची कडा दुमडली होती. खाली लोखंडाचा निळा रंग दिसत होता आणि वेल्डिंगची जाड शिवण. तिनं तळहात त्यावर टेकला. गार होतं. खोली इतकी गरम असून गार होतं. ती उठली.

चारशे सोळावी ओळ भरलेली होती.

‘दचकू नको. प्यालाच फुटला.’

तिनं मागं वळून पाहिलं. आई चुलीशी होती, पाठमोरी, दोन्ही हात पिठात. पापांच्या कुऱ्हाडीचा आवाज अंगणातून येत होता, लाकूड फोडल्याचा. उलान गाडीवर. घरात चौथं कोणी नव्हतं.

कुबातला सांगावं, असं वाटलं. तो म्हणेल, योगायोग. सांगू शकेल तो, शहाणा आहे. पण आता तिला काय पटायला हवंय हेच कळेनासं झालं होतं. ती खुर्चीवर बसली आणि पहिल्यांदाच, चारशे सतराव्या ओळीत, स्वतः लिहिलं:

‘जेंगे, तू कुठे आहेस?’

अक्षरं तिनं मोजली नाहीत.

वारा पडला होता. पत्रा गप्प. कुऱ्हाडही थांबली. चारशे अठरावी, शेवटची ओळ बराच वेळ रिकामी राहिली. मग एकेक अक्षर उमटू लागलं.

‘फोन कर. नावानं हाक मार.’

८

बुरुलनं फोन उचलला. त्या नंबरासाठी बोटाला विचार करावा लागत नव्हता. ती बाई बोलेल, ग्राहक संपर्काबाहेर आहे, आणि मग हे सगळं संपेल. लॅपटॉप मिटून ठेवू. ग्रुप सोडून देऊ.

बाई बोलली नाही. पलीकडे रिंग वाजली.

आठ महिन्यांत पहिल्यांदा रिंग वाजली.

तिनं फोन कानापासून दूर धरला आणि श्वास रोखून घराला कान लावला. आधी डाव्या खोलीकडे, मग व्हरांड्याकडे, मग नको म्हणत असताना खाली. काही नाही. कुठंच काही वाजत नव्हतं. फक्त तेल. म्हणजे फोन घरात नाही. म्हणजे दूर आहे. म्हणजे मॉस्को. तिला एकदम बरं वाटलं.

फोन पुन्हा कानाला लावला. पाचवी रिंग. सहावी. सातवी अर्ध्यातच तुटली.

कोणीतरी उचलला.

बोललं कोणी नाही. आधी नुसती पोकळी ऐकू आली, रिकाम्या मडक्यात कान घातल्यासारखी. मग त्या पोकळीत कुठंतरी तेल कढत होतं. चर्र, अगदी बारीक. जाड कशाच्या तरी पलीकडून यावं तसं.

खिंडीतला पुन्हा सुटला. छपरावरचा पत्रा एकदा जोरात वाजला, मग दोनदा हळू.

फोनमध्येही वाजला. एकदा जोरात, मग दोनदा हळू. वरून.

बुरुलनं पाय उचलून खुर्चीच्या दांडीवर घेतले. का ते तिचं तिला कळलं नाही. अंगणात पापांचे बूट दाराकडे येत होते, सावकाश, नेहमीसारखे.

‘जेंगे?’ ती म्हणाली.

पलीकडे पोकळी तशीच राहिली. वाट बघत.

नावानं हाक मार.

मोठ्या भावाच्या बायकोचं नाव घेताना लाज वाटते, अजूनही, याही वेळी, तशी तिला वाटली.

‘झूरा,’ ती म्हणाली. ‘झूरा, मी बुरुल.’

चुलीपाशी आईचा हात झाऱ्यासकट हवेत थांबला. आई वळली नाही. तेलात चाक करपायला लागलं आणि तो वास घरभर पसरू लागला, आणि दाराबाहेर बूट थांबले.

फोनमध्ये कोणीतरी श्वास आत घेतला. जेंगे बोलण्याआधी घ्यायची तसा, नाकातून, किंचित हसल्यासारखा. तो श्वास बुरुल हजारांत ओळखली असती. सहा वर्षं त्या श्वासानंतर घरातल्यांची नावं सोडून बाकी सगळे शब्द तिनं ऐकले होते.

‘तेमिर,’ जेंगे म्हणाली.